मागणी स्वतःकडे

क्रांती दुपारी दोननंतरच होऊ शकते, असं ठामपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला. कलेक्टर कचेरीसमोर लिंबाखाली त्याचं टेबल होतं. वर ताडपत्री, टेबलावर एक प्रिंटर आणि एक जुना संगणक, ज्याच्या कळांवरची अक्षरं पार पुसून गेली होती. शहरात ज्याला कुणाला सरकारवर रागवायचं असेल त्याची पावलं आधी या टेबलाकडे वळत, कारण निवेदन टाइप करून मिळण्याची ती सगळ्यांत जवळची जागा. सगळे त्यांना काका म्हणत. बारा ते दोन काका कीबोर्डवर पंचा टाकून कचेरीच्या भिंतीकडे बघत बसायचे. ही त्यांची विचार करायची वेळ. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस धापा टाकत आला. "काका, लई अर्जंट आहे. चारला घेराव आहे."

काकांनी भिंतीवरची नजर काढली नाही. "मंग दोनला या. तवर तुमी पण इचार करा, घेराव कशासाठी हाय ते."

तो माणूस दोनपर्यंत बसून राहिला. विचार केला की नाही ते माहीत नाही, पण दोन चहा पिऊन तो एका बाजूला झोपला हे मी पाहिलंय.

निवेदनाचा कच्चा कागद हातात आला की काकांचा लाल पेन सुरू होई. 'तात्काळ' हा शब्द एका निवेदनात एकदाच मिळायचा, रेशनच्या साखरेसारखा. 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' या वाक्याशी तर त्यांचं वैर होतं. "छेडण्यात येईल म्हंजी कोण छेडणार? हात वर करा." हात वर व्हायचे नाहीत. 'हजारोंच्या संख्येने' असं लिहून आणलं की ते उठून उभे राहायचे आणि बोटानं माणसं मोजायचे. एका संघटनेच्या निवेदनात त्यांनी 'आम्ही नऊ जण, त्यापैकी दोघे चहाला गेले आहेत' असं सरळ टाइप करून दिलं. अध्यक्ष खूप चिडला. पण आतल्या कारकुनानं नंतर सांगितलं की साहेबांनी शेवटपर्यंत वाचलेलं त्या आठवड्यातलं ते एकच निवेदन.

टेबलाखाली पत्र्याची पेटी होती. तिच्यात रद्दीतून उचललेले कायदे, शासन निर्णय, नियमांची पुस्तकं. तुमची मागणी ज्या नियमाखाली येते तो काढून तुमच्या हातात द्यायचे आणि एका डगमगत्या स्टुलावर बसवायचे. "घरी वाचून येतो" चालत नसे. घरी कोणी वाचत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "चळवळीचा एक पाय रस्त्यावर पायजे, एक पुस्तकात, एक सोताच्या घरात," ते सांगायचे. "लोकं एकाच पायावर नाचतेत, अन् मंग म्हणतेत पडलो." हे ते इतक्यांदा म्हणत की 'लोकं' म्हटल्याबरोबर पुढचं आम्हीच म्हणून टाकायचो.

सोमवारी टेबल बंद. त्या दिवशी काका जो मोर्चा येईल त्यात जायचे, पण आधी त्याचं निवेदन मागून वाचायचे. निम्म्या मागण्या पटल्या तर निम्म्या वाटेपर्यंत. मी स्वतः पाहिलंय, भर मोर्च्यात चौक आला की काका थांबले, घोषणा देणाऱ्यांना हात जोडले आणि माघारी फिरले. एका सोमवारी एकमेकांविरुद्धचे दोन मोर्चे निघाले होते. काका एकात अर्ध्यापर्यंत गेले, मग रस्ता ओलांडून दुसऱ्यात शिरले. दोन्हीकडच्यांनी त्यांना फितूर ठरवलं. ते मात्र म्हणाले, "आज पुरा मोर्चा झाला माझा."

पण त्यांची खरी ख्याती वेगळ्या कारणानं. काकांकडं टाइप झालेल्या प्रत्येक निवेदनात सगळ्यांत खाली एक मथळा असायचा: मागणी स्वतःकडे. सरकारकडं सहा गोष्टी मागायच्या तर एक तरी स्वतःकडं मागायची, नाहीतर कागद बाहेर येणार नाही. पाण्यासाठी आलेल्या एका कॉलनीनं लिहिलं, 'टाकी वाहू लागली की मोटार बंद करू.' काका खूश. रिक्षावाल्यांनी दोन दिवस वाद घातला आणि शेवटी 'म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणणार नाही' एवढ्यावर तडजोड झाली. एका पक्षाच्या युवा शाखेला त्यांनी 'आमच्या वाढदिवसाचे फलक लावणार नाही' असं सुचवलं. ती मंडळी रागानं उठली आणि जिथला संगणक प्रश्न विचारत नाही अशा दुकानात गेली.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं याबद्दल मतं पुष्कळ. काका मूळचे गंगापूरकडचे, तरुणपणी कुठल्याशा आंदोलनात आत गेले होते. कुणी म्हणे तिथं पुस्तकं वाचून डोकं फिरलं. दुसरी गोष्ट अशी की ते सुटून हार घालून घरी आले, तर बायकोनं दारातच सात मागण्यांचं लेखी निवेदन हातात ठेवलं. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "पाच मान्य झाल्या. दोनवर चर्चा चालू हाय." मला ही दुसरी गोष्ट खरी वाटते.

माझी त्यांची गाठ पडली तेव्हा मी राज्यशास्त्रात एम.ए. करत होतो. आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं. गावाकडच्या रस्त्याचं काम निघालं म्हणून संध्याकाळची गाडी बंद झाली होती. काम संपलं, गाडी काही सुरू झाली नाही. माझी धाकटी बहीण मनीषा शहरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. पाचपर्यंत तिचं प्रॅक्टिकल चालायचं. तिच्यासारख्या आजूबाजूच्या गावांतल्या पुष्कळ मुली होत्या. झालं, मला विषय मिळाला. मी विद्यार्थ्यांची समिती काढली. समितीत सात जण: एक अध्यक्ष, सहा उपाध्यक्ष. अध्यक्ष मी.

आम्ही सातही जण अकरा मागण्यांचं निवेदन घेऊन लिंबाखाली गेलो. काकांनी वरचा पत्ता वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय अध्यक्ष, कलेक्टर साहेब गाडी हाकतेत का?"

"नाही."

"मंग हे आगारप्रमुखांला जायला पायजे का नको?"

पाऊण तास मी त्या स्टुलावर बसून गाड्यांच्या फेऱ्यांचे नियम वाचले. त्यातून कळलं की बंद पडलेली फेरी सुरू करायला लागतो तो प्रवाशांचा साधा अर्ज, आणि तो कुणी केलेलाच नव्हता. तीन महिने आम्ही ज्या कचेरीसमोर घोषणा देत होतो तिथल्या लोकांचा गाडीशी काही संबंधच नव्हता. माझे कान तापले. काकांनी अकरातल्या दहा मागण्या खोडल्या आणि विचारलं, "अन् सोताकडं काय मागणार?"

आम्ही बाजूला जाऊन चर्चा केली आणि 'गाडीत कचरा करणार नाही' असं सांगितलं.

"ही मागणी न्हाई, हा सुविचार हाय," काका म्हणाले. "शाळंच्या भिंतीवर लावा. अन् प्रवाशांच्या सह्या कुठंयत? अशा नुसत्या नको. मोबाईल नंबरचा रकाना आखा. म्हंजी कुणी खोट्या सह्या म्हणायचं न्हाई." त्यांनी स्वतः पट्टी घेऊन तक्ता आखून दिला: अनुक्रमांक, नाव, गाव, मोबाईल, सही.

सह्यांची मोहीम जोरात झाली. मुली पटापट सही करत होत्या, कारण गाडी त्यांनाच हवी होती. तक्ते भरले. मी त्यांचे फोटो काढून समितीच्या ग्रुपवर टाकले, नोंद राहावी म्हणून. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. अर्ज मात्र आगारात गेलाच नाही, कारण स्वतःकडची मागणी काही ठरेना.

पुढच्या पंधरा-वीस दिवसांत मनीषाचं कॉलेज बंद झालं. एका संध्याकाळी जेवताना आमचे वडील, बापू, म्हणाले, "गाडी न्हाई तर कॉलेज न्हाई. उद्यापून घरी ऱ्हा." मनीषानं ताटातून मान वर केली नाही. आई भाकरी थापत राहिली. मला वाईट वाटलं, खोटं नाही, पण खरं सांगायचं तर त्याच वेळी माझ्या डोक्यात पुढच्या भाषणाचं पहिलं वाक्य तयार झालं. 'माझी सख्खी बहीण आज घरी बसली आहे!' दोन सभांत मी ते म्हणालो आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या.

ती बातमी घेऊनच मी काकांकडं गेलो. म्हटलं, आता तरी यांच्या निवेदनात 'तात्काळ' दोनदा येईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिला इचारलंस?"

"काय विचारायचं? गाडी नाही म्हणून बसली."

"गाडी तर तीन-चार महिन्यापून न्हाई. ती आत्ताच का बसली? जा, इचारून ये. ह्ये पण वाचनच हाय."

मी घरी गेलो. मनीषा ओसरीवर तूर निवडत बसली होती. मी विचारलं, तशी तिनं सूप खाली ठेवलं.

"दादा, गाडी बंद झाली तवापासून आम्ही रोज जीपनं येतच होतो. अडचण होती, पण येत होतो. तुमच्या कागदावर सह्या केल्या अन् बंद झालो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या समितीची पोरं. सगळ्या मुलींना मेसेज सुरू झाले. बैठक आहे म्हणून सुरुवात करायची, अन् मंग डीपी मस्त आहे. एकीच्या भावानं फोन बघितला. तिचं कॉलेज बंद. तिच्या घरचे आमच्या घरी आले होते, तुला माहितीये?"

मी म्हणालो, "नाव सांग, कोण ते. मी समितीतून काढतो त्याला."

मनीषानं सूप परत मांडीवर घेतलं. "अकरा दिवस तिला गुलाब कोण पाठवत होतं, दादा? ती माझ्या शेजारी बसायची वर्गात."

मी पाठवले होते. 'जय संघर्ष, शुभ सकाळ' आणि खाली गुलाब. त्या मुलीनं एकदाच उत्तर दिलं होतं, 'बैठक कधी आहे?' त्यावरही मी गुलाबच पाठवला होता. बापूंनी मला गाडीचं कारण सांगितलं, कारण खरं कारण त्यांच्यासमोर बसून भाकरी खात होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती माझ्याच घराच्या ओसरीवर वाटली.

"मला त्या काकांकडं ने," मनीषा म्हणाली. "बापूंना मी सांगते."

दुसऱ्या दिवशी आम्ही लिंबाखाली पोचलो ते नेमके सव्वाबाराला. पंचा कीबोर्डवर, काका भिंतीकडं. मी तिला खुणेनं थांब म्हटलं. दोनपर्यंत कुणी बोलत नाही, आमदाराचा माणूससुद्धा बोलत नाही. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, निवेदन द्यायचंय. मला तीनच्या गाडीनं परत जायचंय, कारण नंतर गाडी नाही."

काकांनी भिंतीवरून नजर काढली. हे मी प्रथमच पाहत होतो. पंचा त्यांनी खांद्यावर टाकला. "सांगा ताई."

तिनं न अडखळता सांगितलं. एक, पावणेसहाची गाडी सुरू करावी. दोन, सह्यांचे तक्ते मुलींना परत द्यावेत आणि समितीच्या सगळ्यांनी आपल्या फोनमधले नंबर मुलींसमोर पुसावेत. तीन, समितीच्या पोरांनी एक महिना त्या गाडीत बसू नये. काकांनी एकही शब्द खोडला नाही. मग सवयीनं म्हणाले, "अन् मागणी सोताकडं?"

"काही नाही."

"तसं चालत न्हाई ताई. येक तरी पायजे. नियम हाय."

"आम्ही काय केलं, काका? सही केली. अजून काय मागू स्वतःकडं? मान अजून खाली घालू?" तिचा आवाज चढला. शेजारचा स्टँपवाला वळून बघायला लागला. "अन् एक विचारू? सहीला मोबाईलचा रकाना कुणी आखला?"

मी पायाकडं पाहत होतो. काका म्हणाले, "मी."

"आम्हाला विचारून?"

"न्हाई."

"गाडी आमची अन् विचारलं तुम्ही पोरांला. सगळ्यांला सगळं विचारता म्हणे तुम्ही."

काका भिंतीकडं बघत नव्हते, तिच्याकडं बघत होते. मला वाटलं आता ते कागद परत देतील. कितीतरी मोठमोठ्या लोकांना त्यांनी याच नियमावरून परत पाठवलं होतं. आणि हा कागद परत गेला असता तर मनीषा घरी गेली असती ती कायमचीच.

त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. कळांवर अक्षरं नसलेल्या त्या कीबोर्डवर त्यांची बोटं कधी चुकत नसत. त्या दिवशी तीन वेळा चुकली. टाइप करून झाल्यावर त्यांनी मोठ्यानं वाचलं. 'मागणी स्वतःकडे. हे निवेदन टाइप करणाऱ्याने मोबाईल क्रमांकाचा रकाना आखून दिला. तो आखण्यापूर्वी मुलींना विचारले नाही. यापुढे ज्यांची मागणी आहे त्यांना आधी विचारीन.' खाली स्वतःचं पूर्ण नाव. दुसऱ्याच्या निवेदनात त्यांची सही मी ना आधी पाहिली ना नंतर.

"बराबर हाय का, ताई?"

"बरोबर आहे," मनीषा म्हणाली.

मग त्यांनी कीबोर्ड माझ्याकडं सरकवला. "आता तू. मी टाइप करणार न्हाई. सोताच्या हातानं कर."

चार ओळी टाइप करायला मला पाऊण तास लागला. एकेक अक्षर शोधायचं, दाबायचं, चुकीचं आलं की पुसायचं. बहीण शेजारी उभी. मी लिहिलं, 'मी मुलींचे क्रमांक ग्रुपवर टाकले आणि एका मुलीला विनाकारण मेसेज पाठवले.'

"मेसेज नको," मनीषा म्हणाली. "गुलाब लिही."

मी गुलाब लिहिलं.

निवेदन समितीपुढं ठेवलं तेव्हा सहापैकी चार उपाध्यक्षांनी बाणेदारपणे राजीनामे दिले. दोघांनी माझ्याखाली सही केली आणि रडवेल्या चेहऱ्यानं फोन मुलींच्या हातात दिले. आगारप्रमुखांनी पहिली मागणी दोन मिनिटांत मान्य केली, म्हणाले, अर्ज आधीच द्यायचा होता. खालचा मजकूर मात्र त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला, मनीषाकडं आणि आम्हा तिघांकडं पाहिलं आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी लिहायला लावलं?" मनीषा म्हणाली, "आम्ही."

घरी तिनं तेच निवेदन बापूंना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. गुलाबासकट. बापू माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. तिला मात्र दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "डबा घिऊन जा. उपाशी ऱ्हाऊ नको."

काका अजून बसतात लिंबाखाली. आता निवेदनं मोबाईलवरच तयार होतात, गिऱ्हाईक कमी झालंय. त्यात त्यांनी नवा त्रास सुरू केलाय. कुणी मागणी घेऊन आलं की विचारतात, "ही कुणाची? त्यांला घिऊन या." बायकांच्या शौचालयाचं निवेदन घेऊन आलेल्या चार नगरसेवकेच्छुक पुरुषांना त्यांनी असं परत पाठवलं. ते अजून आलेले नाहीत.

पावणेसहाची गाडी सुरू झाली. महिनाभर ती स्टँडवरून सुटली की मी आणि माझे दोन उपाध्यक्ष तिच्यामागच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून हर्सूलपासून फुलंब्रीपर्यंत तिची धूळ खायचो. जीपवाला रोज विचारायचा, "आता तर गाडी झाली ना तुमची? मंग हिकडं कशाला?" पहिले काही दिवस मी थापा मारल्या. नंतर खरं सांगायला लागलो. त्यानं पुढं बसलेल्या सगळ्यांना ते ऐकवलं.

महिना भरला त्या दिवशी मी मनीषाला विचारलं, "आता बसू का गाडीत?"

ती म्हणाली, "मुलींना विचारून सांगते."

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, "विचारलं. नको म्हणाल्या."

मी तणतणत काकांकडं गेलो. एक महिना लिहिलं होतं, लेखी होतं, सही होती, हा सरळ सरळ करारभंग आहे असं म्हणालो. काकांनी सगळं ऐकलं. "इचारलंस तूच ना?" म्हणाले. "मंग आता ऐक."

मनीषा बीएस्सी झाली, फुलंब्रीच्या शाळेत शिकवायला लागली. त्या गाडीत मी अजून बसलेलो नाही.